घर चाकांवर, मुक्काम मित्रांच्या दारात: बेळगाव-खानापूर-निपाणी भागात उन्हाळा काढायचा तर

वर्षभर मोटरहोममध्येच राहायचं आणि उन्हाळ्यात मित्रमंडळींच्या गावांना फिरून यायचं, असं ठरवणारे आता आपल्या सीमाभागातही दिसायला लागलेत. कुणी निवृत्त झालेत, कुणी लॅपटॉपवर काम करणारे आहेत. आम्हा दोघांना लोक विचारतात ते बहुतेक गाडीबद्दल: कुठली घ्यावी, सोलर किती वॉटचं बसवावं, संडास कसला. त्याची उत्तरं पैसे मोजले की मिळतात. अडतं ते भलतीकडंच. अथणीकडच्या मळ्यात गाडी लावली आणि रात्री वळीव आला. बेळगावातल्या मैत्रिणीच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी सुटतं हे तिच्या दारात पोचल्यावर कळलं. खानापूरकडच्या काकू 'आमचं घर असताना गाडीत झोपता होय?' म्हणून रुसल्या. हे सगळं आधी ठाऊक असलं तर सोपं आहे. गाडी तुमच्याकडे आहे, असं धरूनच पुढचं लिहिते.

१. कागदपत्रं: निघायच्या महिनाभर आधी

आरसी हातात घ्या आणि वाहनाच्या प्रकारापुढं काय लिहिलंय ते वाचा. कॅरॅव्हॅन म्हणूनच रीतसर बांधलेल्या गाडीवर 'मोटर कॅरॅव्हॅन' असं असतं, तिला एआयएस १२४ हे मानक लागू होतं. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर विंगर घेऊन आत पलंग, ओटा, संडास बसवून घेतला असेल आणि आरसीवर मात्र जुनीच आसनसंख्या असेल, तर ते आधी निस्तरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. पोलीस अडवतील ही भीती त्यामानाने छोटी. अपघात झाला आणि विमा कंपनीनं 'हा बदल आम्हाला कळवलाच नव्हता' म्हटलं, तर खरी पंचाईत.

दुसरी गोष्ट गाडीच्या पाटीची. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, गाडी घेऊन कर्नाटकात मित्रांकडे दोन-तीन महिने राहायला काही हरकत नाही. पण गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी काढायची, इथला कर भरायचा आणि तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा मागायचा. आपल्याकडं हद्द ओलांडणं रोजचंच असतं, शिनोळीला चहा आणि हिंडलग्याला भाजी. तरीही टोलच्या नोंदी आणि डिझेलच्या पावत्या जपून ठेवा. गाडी वर्षभर एकाच राज्यात उभी नव्हती, हे दाखवायला त्याच उपयोगी पडतात.

सोबत ठेवायचं ते असं:

- आरसी, विमा, पीयूसी, चालक परवाना. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेलं चालतं, पण खानापूरच्या पश्चिमेला जंगलात रेंजच नसते. छापील प्रती हव्यातच.
- परवाना हलक्या वाहनाचा असेल तर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. गाडीचं वजन आरसीवर असतं, अंदाजानं सांगू नका.
- सोलर, बॅटरी, गॅस यांची यादी दिल्याची विमा कंपनीची पोच.
- फास्टॅग. त्याचा वर्ग आरसीशी जुळतो का, ते बँकेकडून तपासून घ्या.
- भाड्याची गाडी असेल तर करारपत्र आणि परमिट.
- आधारवरचा कायमचा पत्ता. भावाचा, बहिणीचा, सासरचा, कुणाचाही चालेल, पण तिथं आलेलं टपाल उघडून फोटो पाठवणारं माणूस हवं.

२. क्रम लावा: उगवतीकडून मावळतीकडं

बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती हा भाग एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. दुपारी तापतं, पण रात्री वारा सुटतो. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि हद्दीपलीकडं चंदगड, आंबोली म्हणजे झाडी आणि सावली. म्हणून पूर्वेकडच्या मित्रांना मार्चमध्येच उरकून घ्या. चिकोडी-निपाणीकडचे मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, मग बेळगाव शहर, आणि मे महिना पश्चिमेला. उलटा क्रम लावून मे महिन्यात अथणीला गेलात तर पत्र्याच्या गाडीत दुपारी बारा ते पाच बसणं अशक्य आहे. एसी असला तरी.

शाळांचं गणितही बघा. कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि मेअखेरीस शाळा भरतात. महाराष्ट्रात सुट्टी मेच्या सुरुवातीला लागून जूनच्या मध्यापर्यंत चालते. बेळगावच्या मित्राची पोरं आणि गडहिंग्लजच्या मित्राची पोरं एकत्र जमवायची असतील तर मेचे पहिले तीन आठवडे एवढाच काळ हातात असतो. त्यातच लग्नं असतात. फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खानापूर आणि पश्चिम बेळगावात धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायची पेरणी, सुरू होते. रोहिणी लागल्या की मित्र शेतात, वहिनी शेतात, घरी म्हातारी माणसं आणि तुम्ही. त्या दिवसांत पाहुणचाराची अपेक्षा धरू नये. पेरणीला हात लावायची तयारी असेल तर जरूर जा.

३. फोनवर काय विचारायचं

मित्राला 'गाडी लावायला जागा आहे का' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "बक्कळ हाय, ये की." त्याच्या डोळ्यापुढं त्याची मारुती असते. त्याऐवजी गाडीची लांबी, रुंदी आणि छतावरच्या एसीसकट उंची व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत चालत येऊन व्हिडिओ काढून पाठव म्हणा. हे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितलं तर जास्त चोख होतं. व्हिडिओत बघायचं ते गल्लीचं वळण, गटारावरची फरशी, आडव्या गेलेल्या वायरी, खाली आलेल्या फांद्या.

मग हे विचारा:

- नळाला पाणी कधी सुटतं? बोअर आहे का? पाणी गोडं की सवळ (खारट)?
- मोठा प्लग, म्हणजे सोळा अँपिअरचा, बाहेरच्या बाजूला आहे का?
- घरात किंवा भावकीत लग्न, बारसं, वर्षश्राद्ध काही आहे का?
- गावात यात्रा कधी आहे? वार पाळणूक, म्हणजे ठरावीक वारी गावानं कामं बंद ठेवायची रीत, सुरू आहे का?
- कुत्रं मोकळं असतं का?

येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस पहिल्याच फोनवर सांगून टाका. आपल्या लोकांना पाहुण्याला 'कधी जाणार' हे विचारता येत नाही, त्यामुळे ते तुम्हीच सांगितलं पाहिजे. एका दारात तीन रात्री पुरे, चौथी रात्र आग्रह झाला तरच. कायम गाडीत राहणाऱ्या माणसाला दिवसांचं भान सुटतं. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याचं सुटत नाही.

४. रस्ते, टोल, घाट

कोल्हापूरकडून येताना राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कोगनोळी आणि हत्तरगी असे टोलनाके लागतात, धारवाडकडं गेलात तर हिरेबागेवाडी. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालाय, तेव्हा तो ३,००० रुपयांना होता, पण तो खासगी कार-जीप-व्हॅनलाच मिळतो. तुमची गाडी मिनीबस किंवा हलक्या व्यापारी वाहनाच्या वर्गात असेल तर त्याच्या नादाला लागू नका.

निपाणीजवळचा तवंदी घाट छोटा आहे, पण उसाच्या आणि मालाच्या ट्रकांमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावं लागतं. इंजिनाचं तापमान बघत चढा. आंबोलीला बेळगावहून हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा असा रस्ता आहे. गोव्याकडं जायचं तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला किंवा खानापूर-लोंढा-रामनगरवरून अनमोड. या दोन्ही रस्त्यांची कामं अधूनमधून निघतात, आदल्या दिवशी त्या बाजूच्या कुणालातरी फोन करून विचारा. तिलारीचा घाट मात्र नकाशात जवळचा दिसला तरी मोटरहोमनं उतरू नका. उतार फार तीव्र आणि वळणं आखूड आहेत. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांपलीकडचा भाग, टेकतो आणि ब्रेक तापतात.

गोव्याहून परत येताना बाटल्या आणायचा मोह आवरा. परमिटशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, हद्दीवर अबकारी खात्याची तपासणी असते, आणि एवढी मोठी बंद गाडी दिसली की ती उघडायला सांगतातच. कप्पे, पलंगाखालची पेटी, सगळं.

शहरात मुक्काम असेल तर कॅम्प भागात रात्री रस्त्याकडेला गाडी लावून झोपायचं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं आहे, लष्करी हद्द आहे. सांबऱ्यालाही विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे. तिथं ड्रोन उडवायचा विचारही नको. गाडीचं काही बिघडलं तर उद्यमबाग गाठा. फौंड्र्या, लेथ, फॅब्रिकेशनवाले सगळे एका ठिकाणी आहेत. शिडीचा तुटलेला ब्रॅकेट पुण्यात कुरिअरनं मागवावा लागला असता तो तिथं बसवून मिळतो. बॉडीच्या कामाला ऑटोनगर आहे.

५. गाडी कुठं आणि कशी लावायची

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, आणि ती मातीमुळं.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, मुरमाड माती. पाऊस पडला तरी तासाभरात चाक निघतं. अथणी, रायबाग, गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी. उन्हात ती इतकी टणक असते की तुम्ही बिनधास्त मळ्यात आत घालता. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला ढग जमतात, वीस मिनिटं वळीव कोसळतो, आणि ती माती चाकाला बुटासारखी चढायला लागते. टायरच्या खाचा भरतात, चाक नुसतं फिरतं, आणि तीन टनांची गाडी स्वतःच्या वजनानं खाली बसते. मग शेजारच्या मळ्यातून ट्रॅक्टर बोलवायचा. ट्रॅक्टरवाला दोर बांधायला पुढच्या बंपरकडं जाईल, त्याला थांबवा. ओढायची कडी कुठं आहे हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते आधीच बघून ठेवा. काळ्या रानात गाडी घालायचीच नाही. रस्त्याकडेचं खळं, गोठ्यापुढची फरशी, पेट्रोल पंपाची मागची बाजू चालेल. मित्राच्या मळ्यात राहायचं तर वाटेच्या तोंडाशी, पुढचं तोंड रस्त्याकडं करून.

झाडाचं दुसरं. सावली हवी म्हणून सगळे आंब्याखाली लावतात. सावलीत गाडी दहा अंशांनी थंड वाटते, पण सोलर मरतं. आमची पद्धत अशी की दुपारी साडेअकरापर्यंत उन्हात, मग सावलीत. वळवाच्या दिवसांत रात्री मात्र मोठ्या झाडाखाली नाहीच. वाऱ्यानं आंब्याच्या फांद्या मोडतात, नारळ तर वाराही नसताना पडतो. फणसाच्या झाडाखाली लावण्यापूर्वी वर बघा. वीस किलोचा फणस सोलर पॅनेलवर पडला तर पुढचं सांगायला नको. आणि वारा सुटायच्या आत ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला ओढायचं कापडी छत, गुंडाळा. ढग आले की पहिलं काम ते. चहा नंतर.

खानापूर, चंदगडकडं जंगलाला लागून वस्ती असेल तर आणखी एक. गवे, अस्वलं आणि अधूनमधून हत्ती शिवारात येतात. रात्री बाहेर उष्टं, फळांच्या साली, पिकलेला फणस ठेवायचा नाही. भीमगड अभयारण्यात गाडी लावून मुक्काम करता येत नाही. वनखात्याच्या नाक्यावर हुज्जत न घालता गावात मित्राच्या अंगणात राहा.

६. वीज: मित्राचं बिल कसं बिघडतं

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घरगुती जोडणीला महिन्याला २०० युनिटांच्या आत वीजबिल माफ. पण सरसकट २०० नाही. त्या घराचा आधीचा सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ, एवढी त्याची मर्यादा. ती ओलांडली तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या वर गेलं तर अख्खं बिल. आता हिशेब करा. गाडीचा एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. रात्री सात-आठ तास लावला तर सात-आठ युनिटं. शिवाय बॅटरीचं चार्जिंग, फ्रिज. तीन रात्रींत पंचवीस-तीस युनिटं सहज होतात. ज्या घराचं बिल दोन वर्षं शून्य येतंय तिथं तुम्ही गेल्यावर हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल येतं, आणि ते तुम्हाला कुणी दाखवत नाही.

म्हणून पहिला पर्याय स्वतःची वीज. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. छतावर ४०० वॉटचं सोलर उन्हाळ्यात दिवसाला दीड ते दोन युनिट देतं. पंखे, दिवे, लॅपटॉप, छोटा फ्रिज यात निघतात. एसी निघत नाही. बेळगाव आणि पश्चिमेला रात्री एसीची गरजही पडत नाही. छताचा पंखा आणि दोन खिडक्यांना जाळी बास होते. एसी लागतो तो पूर्वेकडं, तिथं मार्चमध्येच जाऊन या असं वर म्हटलंय ते यासाठीही.

जोडायचीच वेळ आली तर साध्या सहा अँपिअरच्या प्लगला गाडी लावू नका, वायर तापते. सोळा अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, आणि गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. गावातल्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. वायरमनला बोलवून तपासून घ्या. पत्र्याच्या गाडीत हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा एसी बंद.

शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरमधून वायर ओढून घ्यायची कल्पना मित्रच देईल. घेऊ नका. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना इथं वीज मोफत आहे, ती फक्त पंपासाठी. दुसऱ्या कामाला वापरली तर शेतकऱ्यावर येतं. आणि थ्री फेज तिथं ठरावीक तासच असते.

७. पाणी आणि सांडपाणी

काटकसरीनं वापरलं तर दोघांना दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पुरतं. मे महिन्यात बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली की शहरातल्या बऱ्याच भागांत पाण्याचं अंतर वाढतं. कृष्णेचं पात्र चिकोडी-अथणीकडं उघडं पडतं आणि कोयनेतून पाणी सोडायची मागणी सुरू होते. खानापूरच्या विहिरी तळ गाठतात. अशा वेळी मित्राच्या टाकीतून तुमची शंभर लिटरची टाकी भरून घेणं बरं दिसत नाही. वाटेत पेट्रोल पंपावर डिझेल घेतलं की विचारून भरून घ्या. प्यायचं पाणी गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रातून, वीस लिटरचे दोन कॅन सोबत ठेवा. सवळ पाणी टाकीत भरलं तर पंपाच्या गाळणीवर पांढरा थर बसतो, महिन्यातून एकदा ती काढून धुवा.

भांडी-आंघोळीचं पाणी नारळ-केळीच्या आळ्यात सोडलेलं चालतं, साबण कमी वापरलात तर. विचारून. संडासाच्या कॅसेटचं, म्हणजे मैला साठणाऱ्या काढत्या डब्याचं, मात्र एकच ठिकाण, मित्राच्या घरचा संडास, सकाळी सगळ्यांचं आटोपल्यावर. ओढा, चर, उसाची सरी, मलप्रभेचा काठ, कुठंही नाही. कॅसेटमध्ये फॉर्मॅल्डिहाइडचं औषध वापरत असाल तर ते घरच्या टाकीतले जिवाणू मारतं, म्हणून जैविक औषध घ्या. हे सगळं ऐकताना अवघड वाटतं, पण 'काका, एक डबा रिकामा करायचाय' एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही.

८. गॅस

घरगुती १४.२ किलोची टाकी गाडीत नको. पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर पंपावर किंवा एजन्सीत मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि त्याच कंपनीच्या केंद्रात बदलून मिळते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. कप्प्याला खालच्या बाजूला भोक हवंच.

९. गाडीत झोपायचं की घरात

हा भाग कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडं पाहुणा अंगणात गाडीत झोपला तर शेजारीपाजारी म्हणतात, घरात घेतलं नाही वाटतं. यजमानाला ते लागतं. "घर असतंना गाडीत कशाला झोपुलास बे?" हा प्रश्न माझ्या नवऱ्याला प्रत्येक गावात येतो. 'आम्हाला सवय आहे' हे उत्तर कुणालाच पटत नाही.

जमलेलं गणित असं. पहिली रात्र घरात झोपायचं. हॉलमध्ये गाद्या घालतील, घालू द्या. दुसऱ्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडी आतून दाखवायची, चहा गाडीतच करून द्यायचा. सासूबाईंनी ओट्यावर हात फिरवून 'बरं केलंय हो' म्हटलं की दुसऱ्या रात्री गाडीत झोपायला परवानगी मिळाली असं समजा. जेवण घरातच. 'आमचं आम्ही करतो' हे वाक्य चुकूनही नाही. मात्र दूध, भाजी, मासळी आणून द्यायची. विजेचे पैसे हातात ठेवू नका, अपमान होतो.

परतफेड गाडीनं करा. घरातल्या आजीला सौंदत्तीच्या यल्लम्माला न्यायचं म्हणजे एरवी अवघड, वाटेत संडासाची सोय नसते. तुमच्याकडं ती आहे, आडवं व्हायला पलंग आहे. पौर्णिमा टाळून मधल्या वारी न्या, पौर्णिमेला डोंगरावर गाडी वर जात नाही इतकी गर्दी असते. मावशी, आत्या, शेजारच्या काकू अशी यादी वाढत जाते. सीटबेल्ट जितके तितकीच माणसं, आणि चालत्या गाडीत पलंगावर कुणी नाही. हे आधीच सांगून टाका, निघताना सांगितलं तर कुणाला तरी उतरवावं लागतं.

पोरांचं वेगळं. गाडी आली की गल्लीतली सगळी पोरं दारात. चपला बाहेर, एका वेळी चौघं, असा नियम करा आणि तो मित्राच्याच पोरीच्या हातात द्या, ती तुमच्यापेक्षा कडक असते. त्याआधी गॅसची खालची खिट्टी बंद, इन्व्हर्टरचा स्विच कुलपात, बाथरूमला कडी. छतावर जायची शिडी काढून आत ठेवा.

१०. भाषा आणि हद्द

शहर, खानापूर, निपाणी, पश्चिमेची खेडी इथं मराठीवर चालतं. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडं कन्नड येत असेल तर निम्मं काम हलकं होतं. दोन वाक्यं पाठ करा: "इल्ली गाडी निल्लसबहुदेन्री?" म्हणजे इथं गाडी लावू का, आणि "कुडियो नीर एल्ली सिगतैत्री?" म्हणजे प्यायचं पाणी कुठं मिळेल. शेवटचं 'री' विसरू नका, त्यात आदर आहे.

सीमाप्रश्नावरून अधूनमधून वातावरण तापतं, दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात. अशा दिवशी एमएच पाटीची भलीमोठी गाडी घेऊन चौकातून फिरू नका, इकडची पाटी घेऊन तिकडंही नको. मित्राच्या दारात दोन दिवस जास्त राहा. गाडीवर घोषणांचे स्टिकर कुठल्याच बाजूचे लावू नका. नव्या गावात मुक्काम असेल तर मित्राला सोबत घेऊन पंचायतीच्या सदस्याला सांगून या, म्हणजे रात्री कोण आलंय म्हणून दार वाजत नाही.

११. यात्रा आणि मिरवणुका

बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे, वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा मेमध्ये येते. त्यानंतरच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार भागात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडी हलत नाही, आणि कमानींची उंची मोटरहोमसाठी नसते. बघायला जरूर जा, गाडी उद्यमबाग नाहीतर पिरनवाडीकडं ठेवून. खेड्यांत महालक्ष्मीच्या यात्रा काही वर्षांच्या अंतरानं भरतात. ज्या गावात यात्रा आहे तिथं प्रत्येक घरी पन्नास पाहुणे असतात. तुमची गाडी तिथं अडचण नाही तर उपयोगाची ठरते, दोन म्हाताऱ्या पाहुण्यांची झोपायची सोय होते. पण आदल्या दिवशीच आत जा, नंतर गावात चाक शिरत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हा कोल्हापूरच्या बाजूचे रस्ते टाळा.

१२. काम, दवाखाना

ऑनलाइन काम असेल तर सोमवार ते शुक्रवार बेळगाव, खानापूर गाव किंवा निपाणीत. कणकुंबीच्या पुढं शनिवार-रविवारीच. मोठ्या दुखण्याला शहरात केएलई आणि सरकारी बिम्स आहेत. रात्री गाडीतून उतरताना हातात बॅटरी (टॉर्च) हवीच, उन्हाळ्यात साप सावलीला गाडीखाली येतात. चावलाच तर गावठी उपाय करत न बसता सरळ सरकारी दवाखाना.

१३. निघायचं कधी, आणि सोबत काय

कणकुंबी-जांबोटी भागात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो, आणि मग तो सुटत नाही. मेच्या २५ तारखेपर्यंत पश्चिमेतून बाहेर पडा. त्याआधी एका वळवात छत गळतं का ते बघून घ्या, सीलंट उद्यमबागेत मिळतं.

गाडीत असायलाच हवं असं सामान:

- गाडी समपातळीवर आणायच्या लाकडी फळ्या आणि चाकाला लावायची उटी.
- चार रिकामी पोती आणि दोन जाड प्लायवूडचे तुकडे, चिखलासाठी.
- ओढायचा दोर, शॅकलसकट.
- वीस मीटर वायर, सोळा अँपिअरचा प्लग, व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर.
- खाद्य दर्जाचा पाइप आणि निरनिराळ्या तोट्यांचे जोड. खेड्यातल्या तोटीला शहरातला जोड बसत नाही, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप हाच खरा उपाय.
- मोठी बॅटरी, मच्छरदाणी, अग्निशामक.
- चटया. माणसं गाडीत मावत नाहीत, बाहेरच बसतात.

आणि मागच्या ॲक्सलच्या वर, खालच्या कप्प्यात, वीस-पंचवीस किलोची जागा रिकामी ठेवा. निघताना तांदळाचं पोतं, कोकम, पापड गाडीत चढवल्याशिवाय कुणी सोडत नाही, आणि ते वजन छतावर किंवा मागच्या शिडीला बांधून घाट उतरू नये.